भिंतीवरचा फार्मासिस्ट

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक खोड लागते, पहिल्याच ओळीत आरोप करायची. इथेही तसंच करते. घणसोली गावठाणातलं एकुलतं एक औषधाचं दुकान मी बंद पाडलं. कायद्याने पाडलं, पुराव्यानिशी पाडलं. माझी आई ज्या गोळ्यांवर आठ वर्षं उभी होती, त्या गोळ्या त्याच दुकानातून येत होत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतंस, असं लोक अजून विचारतात. मला त्याचं उत्तर द्यायचा कंटाळा आलाय.

ऐंशीचं दशक तेव्हा अर्धं उलटलं होतं. आम्ही मराठवाड्यातले. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रसायनाच्या कारखान्यात लागले म्हणून इथे आलो आणि तिसऱ्या वर्षी ते गेले. मग आई गावातल्या बालवाडीत मदतनीस झाली. चाळीसेक पोरांची उसळ शिजवायची, वाढायची, भांडी घासायची. आमचं घर म्हणजे एका आगरी बाईने गोठ्याच्या जागी बांधलेल्या पाच खोल्यांपैकी तिसरी. मी औरंगाबादला वसतिगृहात राहून बी.ए. केलं आणि दोन गोष्टी घेऊन परत आले: डिग्री, आणि स्टेन्सिल कापायची कला. विहाराच्या मागच्या खोलीत आमच्या युवक मंडळाचं सायक्लोस्टाइल मशीन होतं. त्याची शाई माझ्या नखांतून कधी गेलीच नाही.

आईला फीट यायची. गावाकडे त्याला मिरगी म्हणत. आमच्या हातचं पाणी न पिणारे गावाकडे आधीच कमी नव्हते, त्यात हे आणखी एक कारण. घणसोलीत आल्यावर तिने हे कुणालाही सांगितलं नाही. चूल आणि लहान पोरं, दोन्हींजवळ तिचं काम. बालवाडीच्या मुख्यसेविकेला कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आल्या आल्या ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरने गोळी लिहून दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक. फीट थांबली. पुढे दर महिन्याला ती ठाण्याला जाऊन गोळ्या आणते असं ती मला सांगायची आणि मी ते धरून चालले होते. आई सांगते ते पोर तपासत नाही. मी तर तेव्हा सगळ्या जगाचं तपासत होते, घरचं सोडून.

आता दुकान. नाक्यावरून गावठाणात शिरताना उजव्या हाताला. आत लाकडी गल्ला, काचेच्या बरण्या, आणि मागच्या भिंतीवर दोन चौकटी. एकीत दुकानाचा परवाना, दुसरीत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट. कायदा साधा आहे. औषधाचं दुकान नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली चालायला हवं. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि देताना तो माणूस तिथे हजर हवा. आमचा फार्मासिस्ट हजर होता, पण चौकटीत. त्याला गावात कुणी बघितलं नव्हतं. सर्टिफिकेट भाड्याने होतं. ही पद्धत सगळीकडे होती आणि सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून तिचं कुणाला काही वाटत नव्हतं.

गल्ल्यावर बसायचा तो माणूस साताऱ्याकडचा. मुंबईत एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता, तेवढीच विद्या. गाव त्याला डॉक्टर म्हणायचं आणि तो नको म्हणायचा नाही. खाडीवर आणि मिठागरात कामाला जाणाऱ्या बायकांना वाचता येत नसे. त्यांच्या सकाळच्या गोळ्यांच्या पुडीला तो लाल दोरा बांधायचा, संध्याकाळच्या पुडीला काळा. "लाल उजेडात, काळा अंधारात," एवढं सांगायचा. कुणाची गोळी कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही. पण चिठ्ठी तो कुणालाच मागायचा नाही, हेही तितकंच खरं.

आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका कामगाराच्या बायकोचं अंग दुखत होतं. तिने त्याच्याकडून दोन गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा असा सुजला की डोळे दिसेनात. वाचली. पण त्याच जातीच्या गोळीने तिला माहेरीही असंच झालं होतं, आणि हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी तडक दुकानात गेले.

"फार्मासिस्ट कुठायत?"

"जेवायला गेलेत."

"सकाळचे दहा वाजलेत."

"लवकर जेवतात."

मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या. मी हसले नाही. तोही हसला नाही. "बोला पुढारीबाई, काय देऊ? डोकं दुखतंय का?" असं विचारलं त्याने. त्या संध्याकाळी मी स्टेन्सिल कापलं. मथळा होता, "परवाना भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?" खाली एक वाक्य होतं, "औषध देणारा चौकटीत आणि विष देणारा गल्ल्यावर." तेव्हा त्या वाक्यावर मी इतकी खूश होते की दोन वेळा मोठ्याने वाचलं. आईने पुढ्यातल्या भाकरीकडे बघत ऐकलं. ती माझ्या पत्रकांवर कधीच काही बोलायची नाही, म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

पत्रक गावात वाटलं आणि एक प्रत तक्रारीसोबत ठाण्याच्या कार्यालयात देऊन आले. तीन आठवड्यांनी औषध निरीक्षक आला. फार्मासिस्ट नाही, चिठ्ठ्यांची नोंद नाही, फ्रिजमध्ये इंजेक्शनांच्या शेजारी कोळंबीचा डबा. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. रोज त्या ओट्यावर बसून गप्पा हाणणारं सगळं गाव अचानक कामाला लागलं. मी पुढे झाले तर निरीक्षक म्हणाला, "तुम्ही तक्रारदार. तुम्ही पंच कशा?" शेवटी बसची वाट बघणारे दोघे परके धरून आणले. माल सील झाला, परवाना स्थगित झाला, शटर खाली आलं.

शटर ओढताना तो कंपाउंडर माझ्याकडे वळला. "झालं समाधान?"

"फार्मासिस्ट आणा, उद्या उघडा," मी म्हणाले.

"आणतो की. झाडाला लागलेत." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "घरी विचारून आल्या असत्या तर बरं झालं असतं." त्याने एवढंच म्हटलं. आईचं नाव त्याने तेव्हाही घेतलं नाही, आणि मला वाटलं तो मला बाईमाणूस म्हणून टोमणा मारतोय.

दुसऱ्याच दिवशी आमच्या खोल्यांची मालकीणबाई नळावर माझी वाट अडवून उभी. "काय गो बाय, तूच दुकान बंद केलास? माजे सासूचे दम्याचे गोल्या आता कनाशी आनू? ठान्याला जाऊ? बस काय तुजा बापूस हाकतंय?"

मी तिला कायदा समजावला. शेजारणीचा सुजलेला चेहरा सांगितला. ती म्हणाली, "तिचा तोंड सुजला म्हनून आमचा नरडा दाबलास." आणि हंडा उचलून गेली. मी मंडळाच्या मित्रांना सांगितलं, लोकांना अजून शहाणं करायला हवं.

आईने एकदाच विचारलं. "किती दिवस बंद ऱ्हाईल गं?"

"फार्मासिस्ट मिळेपर्यंत."

"म्हंजे किती?"

"आई, प्रश्न दिवसांचा नाहीये. तत्त्वाचा आहे." असं मी खरंच म्हणाले. हे वाक्य लिहितानाही मला थकवा येतोय. ती "बरं" म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं.

तिच्याकडे तेव्हा दहा-बारा दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. ठाण्याला जायचं म्हणजे बालवाडी बुडवायची. बुडवली की मुख्यसेविका कारण विचारणार, दवाखान्याचा कागद मागणार. म्हणून तिने अंगठ्याच्या नखाने गोळ्या अर्ध्या करायला सुरुवात केली. मला हे कळलं ते नळावर. सकाळी सहाला हंडा आपटल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर आई चिखलात, हातपाय ताठ, मान मागे. मालकीणबाई तिच्या डोक्याशी बसून एका हाताने फोडलेला कांदा नाकाला लावत होती आणि दुसऱ्या हाताने तिचं डोकं मोरीच्या दगडापासून उचलून धरत होती. नळावर नशिबाने आणखी कुणी नव्हतं.

आई शुद्धीवर आली तेव्हा मालकीणबाई म्हणाली, "मी कुनाला सांगनार नाय. आधी घरान घे हिला." आणि माझ्याकडे बघून, "तुला तरी म्हाईत होता का गो?"

खोलीत आईच्या कमरेच्या पिशवीत रुमालाची गाठ होती. गाठीत अर्ध्या केलेल्या पांढऱ्या गोळ्या.

"तू ठाण्याला जात होतीस ना?"

"पहिलं वरीस गेले. मग दुकानात कागद दाखवला, तवा त्यानंच देऊ केल्या. कागदात बांधून द्यायचा, वरून म्हनायचा, घ्या बाई शक्तीच्या गोळ्या. कुनाला कळू दिलं न्हाई त्यानं."

"मला कामून सांगितलं नाहीस?"

"तुला कामून सांगू माय? तू पत्रक काढशील."

मी तिचा जुना कागद घेऊन ठाण्याला गेले. आठ वर्षांपूर्वीची चिठ्ठी, घड्यांवर फाटलेली, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. स्टेशनजवळच्या तीन दुकानांनी परत पाठवलं. तिसऱ्या दुकानात खरा फार्मासिस्ट बसला होता, पांढऱ्या कोटात. त्याने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "ही आता चालत नाही. नवीन आणा. एरवी दिली असती, पण सध्या तपासण्या चालू आहेत. घणसोलीला कुणीतरी तक्रारी करतंय म्हणे." त्याच्यावर ओरडायला मला एकही मुद्दा नव्हता. तो बरोबर होता. दवाखान्याची ओपीडी तोवर बंद झाली होती.

परतताना मी कंपाउंडरच्या खोलीवर गेले. तो दारात भाजी निवडत बसला होता. मी म्हणाले, दुकानात माल आहे, एक पाकीट काढून द्या. त्याने माझ्याकडे बघितलं, पण त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सील सरकारचं आहे, पुढारीबाई. तोडलं तर मी आत जाईन आणि परवाना कायमचा जाईल. मग तुमच्या आईला पुढच्या महिन्यात कोण देणार?" त्याने हात पुसले आणि माझ्याच जुन्या पत्रकाच्या मागे एक पत्ता लिहिला. नेरूळचा. "हा माणूस आहे चौकटीतला. माझं ऐकत नाही. घाबरलाय. तुमचं ऐकतो का बघा, तुम्हाला घाबरायची लोकांना सवय आहे."

नेरूळ तेव्हा नवं नवं वसत होतं. इमारती आधी आणि रस्ते नंतर, असा प्रकार. बस मुख्य रस्त्यावर सोडायची, पुढे चिखल आणि खडी. सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर एका बनियनमधल्या माणसाने दार उघडलं. नळाला पाणी आलं होतं, तो पिंप भरत होता. पिंप भरल्याशिवाय तो माझ्याशी बोलला नाही.

"कोण तुम्ही?"

"तुमच्यावर तक्रार करणारी."

"अच्छा. मग आता माझ्याच पाया पडायला आलात की काय?"

मी पत्रकात जे लिहिलं होतं तेच त्याला तोंडावर सांगितलं. सर्टिफिकेट भाड्याने देणं म्हणजे लोकांच्या जिवाचा धंदा. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दोन वर्षं शिकलो. दुकान टाकायची ऐपत नव्हती. कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क लागलो, तिथे फंड आहे, रजा आहे. कागद कपाटात कुजवायचा होता का? सगळे देतात." त्याच्या बोलण्यात लाज नव्हती, जोरही नव्हता. बस चुकलेला माणूस बसबद्दल बोलतो तसा बोलत होता.

मग मी आईची चिठ्ठी पुढे केली, रुमालातल्या अर्ध्या गोळ्यांचं आणि नळावरच्या फीटचं सांगितलं. तो ती वाचता वाचता खाली बसला.

"किती वर्षं?"

"आठ."

"हिरड्या कशा आहेत?"

"कुणाच्या?"

"आईच्या. सुजल्यात? दातांवर चढल्यात? रक्त येतं?"

आई गेली चार-पाच वर्षं हसताना तोंडावर पदर घ्यायची. हिरड्या दातांवर अर्ध्यापर्यंत आल्या होत्या. मालकीणबाईने तुरटी सांगितली होती, कंपाउंडरने हिरड्यांना लावायची लाल बाटली दिली होती, मी मिश्री सोड म्हणून भांडले होते. ती मिश्री लावतच नव्हती.

"या गोळीने होतं ते. सगळ्यांना नाही, पण होतं. आठ वर्षांत तिला कुणी तोंड उघडायला सांगितलं नाही?" मग स्वतःच म्हणाला, "कोण सांगणार. मी इथे होतो."

म्हणजे माझं पत्रक खरं होतं. जाणता माणूस गल्ल्यावर असता तर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळलं असतं. हे जिंकणं होतं, आणि त्या पिंपाशेजारी उभी राहून मला फक्त बसावंसं वाटत होतं.

त्याने मला नीट सांगितलं. आजपासून अर्धी नको, रुमालातल्या दोन अर्ध्या मिळून एक, दोन्ही वेळा. उद्या तिला ओपीडीत ने. "सांगताना 'गोळी अर्धी झाली, फीट आली' असंच सांग. 'चक्कर' म्हणू नकोस. चक्कर म्हटलं की टॉनिक लिहून देतात."

आईने बालवाडीत ताप आल्याचा निरोप धाडला आणि आम्ही गेलो. डॉक्टरने तोंड उघडायला लावलं, नवी चिठ्ठी दिली, गोळी हळूहळू बदलू म्हणाला. ठाण्याच्या त्या पांढऱ्या कोटवाल्याने या वेळी काही न बोलता गोळ्या दिल्या. दर महिन्याला मात्र ही यात्रा आणि दर महिन्याला ताप. मुख्यसेविका चौथ्या तापाला म्हणाली, "बाई, तुमचा ताप कॅलेंडर बघून येतो का हो?"

त्या चौथ्या तापानंतर दुकान उघडलं. नेरूळवाला यायला तयार झाला, पण माझ्या बोलण्याने नाही. फार्मासिस्टांच्या नोंदवहीतून नाव जाईल अशी नोटीस आली, म्हणून. कारखाना सुटला की यायचा, सहा ते नऊ बसायचा. परवाना तेवढ्याच वेळेचा. दिवसभर शटर बंद. तो प्रत्येकाला चिठ्ठी मागायचा, आधी कुठल्या गोळीचा त्रास झाला होता का विचारायचा, पुडीवर सुवाच्य अक्षरात वेळ लिहायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या पुड्या घेऊन बाजूला कंपाउंडरकडे सरकायच्या आणि तो दोरा बांधून द्यायचा. गाव दोघांनाही शिव्या द्यायचं. मला तर द्यायचंच.

पहिल्या महिन्याला आई गोळ्यांना गेली तेव्हा मी सोबत होते. दुकानात गर्दी, त्यात बालवाडीतल्या पोरांच्या तीन आया. फार्मासिस्टने चिठ्ठी वाचली, नोंदवही उघडली आणि नियमाप्रमाणे, सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फीटची गोळी आहे. पेशंट कोण? पूर्ण नाव, पत्ता?"

कंपाउंडरने त्याच्या दंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. तिन्ही आया आईकडे बघत होत्या.

सोमवारी मुख्यसेविका आली. आईला काढलं नाही. दोन आयांनी पोरं पाठवायची बंद केली होती, म्हणून तिला चुलीवरून काढलं. पुढे तिने फक्त झाडायचं, भांडी घासायची. वाढायचंही नाही. मी घरी येऊन स्टेन्सिल काढलं. मथळा सुचला होता, चांगला होता. आईने स्टेन्सिल माझ्या हातातून घेऊन गादीखाली सरकवलं.

"बस कर आता."

"पण हा अन्याय आहे."

"हाय की. मला म्हाईत न्हाई का? पन तू लिवलं की लोक तुझ्याशी भांडतात अन् मी तशीच ऱ्हाते मधी."

पुढच्या महिन्याला मी म्हणाले, मी जाऊन आणते गोळ्या. ती नको म्हणाली. साडेसहाला, मुद्दाम गर्दीच्या वेळी निघाली. मी मागे. रांगेत तिचा नंबर आला, फार्मासिस्टने पेन उचललं, आणि त्याने काही विचारायच्या आत आई मोठ्याने म्हणाली, "फीटच्या गोळ्या. माझ्याच." मग तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं धरून, मग खोली, मग मालकीणबाईचं नाव. तो लिहून घेत होता.

मागे खाडीवरून आलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "माजे दिराला पन यायची. विहिरीन पडला नं मेला."

आई वळली. "गोळ्या घेत व्हता का?"

"नाय. देवाचा करत होते."

"मग," आई म्हणाली, आणि त्या बाईला आपल्या पुडीवर कुठली गोळी सकाळची, कुठली संध्याकाळची ते दाखवायला लागली. तोंडावर पदर न घेता बोलत होती. हिरड्या अजून उतरल्या नव्हत्या. फार्मासिस्ट दोनदा म्हणाला, "बाई, पुढच्याला येऊ द्या." मी बाहेर ओट्यावर बसून राहिले. तिचं बोलणं संपायला बराच वेळ लागला.